ऑपरेशननंतर कॅन्सर उलटेल का? १९३२ चे उत्तर
मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन करून गोंदियाला परतलात, की तुम्ही विचारता, "डॉक्टर, सगळं निघालं ना?" उत्तर गाठीच्या आकारापेक्षा ती किती खोल गेली यात असते. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधील डॉ. कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरचे तीन गट केले: ए म्हणजे आतड्याच्या भिंतीतच, बी भिंतीपलीकडे, सी लसिकाग्रंथींपर्यंत. सी गटात आजार उलटण्याची भीती सर्वांत जास्त. (आपले मुंबईचे टाटा हॉस्पिटल तेव्हा नव्हतेच, ते १९४१ चे!) आजही रिपोर्टमध्ये हेच पाहतात. म्हणून किमान १२ ग्रंथी तपासल्या का, हे विचारा. कमी तपासल्या तर बाधित ग्रंथी नजरेतून सुटू शकते. आतडे फुटून किंवा पूर्ण बंद होऊन तातडीने ऑपरेशन झाले असेल, तरी धोका वाढतो. बहुतेक वेळा आजार पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो, तेव्हा सीईए रक्ततपासणी धानकापणीच्या गडबडीतही चुकवू नका.