अंबाजोगाईचा एक दिवस

अंबाजोगाईची योगेश्वरी ही ज्यांची कुलदेवता, अशीं घरें पुण्यामुंबईकडे पुष्कळ आहेत. त्यांत कोंकणस्थांचीं विशेष. घरांत लग्नकार्य झालें कीं नव्या जोडप्याला घेऊन ही मंडळी आमच्या गांवीं येते. सकाळीं उतरावें, देवीची ओटी भरावी, उपाध्यायांकडे जेवावें, दुपारीं सुमारें २५ किलोमीटरांवरच्या परळीस जाऊन वैजनाथाचें दर्शन घ्यावें आणि रात्रीं परतीच्या वाटेस लागावें, असा त्यांचा क्रम ठरून गेला आहे. त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण ह्या गांवांत मीं पस्तीस वर्षें मुलांना इतिहास शिकविला. ओटीचा नारळ पिशवींत घालून घाईघाईनें मोटारींत बसणारीं हीं सुशिक्षित कुटुंबें पाहिलीं कीं मला चुकचुकल्यासारखें होतें. आपण येथें एक दिवस अधिक राहिलां तर काय पाहाल, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आरंभीं माझाच एक प्रमाद सांगतों. देवगिरीच्या यादवांचा धडा शिकवितांना मी फळ्यावर भिल्लम, जैतुगी, सिंघण अशी वंशावळ काढीत असें आणि मुलें ती निमूटपणें उतरवून घेत. एके वर्षीं मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, आमच्या घराकडे खोलेश्वराचें देऊळ आहे, तो देव कोणता?" "शंकराचेंच एक नांव आहे," असें सांगून मीं वेळ मारून नेली. पुढें यादवांच्या शिलालेखांविषयीं एक पुस्तक हातीं आलें तेव्हां कळलें, कीं खोलेश्वर हें मुळांत माणसाचें नांव. ज्या सिंघणाचें नांव मी दरवर्षीं फळ्यावर लिहीत होतों, त्याचाच हा ब्राह्मण सेनापति! सिंघणानें इ. स. १२१० पासून सुमारें १२४६ पर्यंत राज्य केलें; त्याच्या माळवा-गुजराथेकडील मोहिमांत खोलेश्वर अग्रभागीं होता. फळ्यावरचा इतिहास माझ्याच गांवांत दगडांतून उभा होता, आणि मला त्याची वार्ता नव्हती. तो मुलगा तोंवर शाळा सोडून गेला होता.

ह्या घराण्याची खरी कथा पुढेंच आहे. खोलेश्वराचा पुत्र राम हाहि सेनापति झाला. गुजराथेवरच्या स्वारींत नर्मदेच्या कांठीं तो लढतां लढतां पडला. त्याचा मुलगा अगदीं लहान. तेव्हां रामाची बहीण लक्ष्मी हिनें भाच्याच्या वतीनें घराण्याचा कारभार आपल्या हातीं घेतला, आणि भावाच्या स्मरणार्थ येथें रामनारायणाचें देऊळ बांधविलें. त्याचा लेख शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० चा आहे. शिलालेखांत बहुधा राजांचीं बिरुदें आणि जमिनींचीं दानें असावयाचीं. येथें मात्र भाऊ गमावलेली एक कर्ती बाई आपल्याला भेटते. कुलदेवतेची ओटी भरावयास आलेल्या लेकीसुनांना ही गोष्ट कोणी सांगत नाहीं, ह्याचें मला फार वाईट वाटतें.

आणि हे लेख म्हणजे कांहीं पोलादाचे नव्हेत. आमच्याच भागांतील एका जुन्या देवळांत, जीर्णोद्धाराच्या उत्साहानें, कोरीव अक्षरांवर चकचकीत तैलरंग चढविलेला मीं डोळ्यांनीं पाहिला आहे. भक्ति खरी होती, ह्यांत शंका नाहीं. पण तो लेख आतां कोणाला वाचतां यावयाचा नाहीं. देऊळ पाहावयास माणसें येतात आणि दगडांतलीं अक्षरें विचारतात, असें एकदां दिसलें म्हणजे रंगाचा डबा घेऊन येणारा हात थोडा अडखळतो, असा माझा अनुभव आहे.

सकाळच्या उन्हांत हत्तीखाना पाहावा. हें अखंड खडकांत कोरलेलें शिवलेणें गांवाच्या वायव्येस आहे. मोकळें अंगण, मध्यें नंदीचा मंडप, आजूबाजूस दगडी हत्ती, आणि आंत खांबांच्या रांगा. गांवकरी ह्याला जोगाईचा मांडव म्हणतात. योगेश्वरीचें लग्न परळीच्या वैजनाथाशीं ठरलें होतें; मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागीं दगड झालें आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी कथा आहे. नवविवाहित जोडप्यांना ती सांगावी कीं न सांगावी, हा प्रश्न मला नेहमीं पडतो; पण सांगितल्याशिवाय राहवत नाहीं.

दुपार दासोपंतांसाठीं ठेवावी. दासोपंत एकनाथांचे समकालीन. त्यांचा काळ इ. स. १५५१ ते १६१५. वडिलांकडून सरकारी वसूल थकला म्हणून बेदरच्या बादशहानें ह्या मुलाला ओलीस ठेवून घेतलें, आणि दत्तकृपेनें त्याची सुटका झाली, असें परंपरा सांगते. ह्या दत्तभक्तानें गीतेवर 'गीतार्णव' हा प्रचंड ग्रंथ लिहिला. पण अधिक नवल त्यांच्या पासोडीचें. सुमारें चाळीस फूट लांब अशा खादीच्या कापडावर त्यांनीं 'पंचीकरण' लिहून काढलें! कागद सोडून कापडच कां घेतलें, ह्यावर मीं वर्गांत तर्क करावयास लावीत असें; एका मुलानें "घडी करून खांद्यावर टाकतां येतें" असें उत्तर दिलें होतें, तें मला अजून पटतें. त्यांची समाधि येथेंच आहे, आणि थोरलें व धाकटें देवघर ह्या दोन घरांनीं त्यांचा वारसा संभाळला.

मध्यंतरींच्या काळाविषयीं थोडक्यांत सांगतों. निजामी अमलांत ह्या गांवाचें नांव मोमिनाबाद होतें आणि येथें घोडदळाची छावणी असे. स्वामी रामानंद तीर्थ येथल्या शाळेचे मुख्याध्यापक होते; १९३८ सालीं हैदराबाद संस्थानांतील सत्याग्रहांत ते उतरले, त्यापूर्वींची ही गोष्ट. आज गांवांतील वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचें नांव आहे. धारूरचा किल्ला पाहावयाचा असल्यास मात्र निराळा दिवस काढावा; तो ह्यांत बसवूं नये.

उन्हें उतरलीं म्हणजे गांवाबाहेर डोंगरकपारींत आद्यकवि मुकुंदराजाच्या समाधीकडे जावें. त्याच्या 'विवेकसिंधु'चा काळ शके १११० दिला जातो. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधीं एकशेंदोन वर्षें. उपलब्ध पोथ्यांची भाषा इतकी जुनी वाटत नाहीं म्हणून कांहीं पंडित ह्या काळाविषयीं साशंक आहेत; तर मुकुंदराजाचें अंबानगर म्हणजे वैनगंगेकांठचें आंभोरें, असा विदर्भाचा दावा आहे. मी अंबाजोगाईकर, माझी साक्ष पक्षपाती समजावी. तथापि त्या दरींत वारा सुटला असतां, मराठींत ब्रह्मविद्या सांगण्याचें धाडस करणारा माणूस येथें बसला असेल, हें मानावयास मला जड जात नाहीं.

मार्गशीर्षांत देवीचें नवरात्र असतें. पौर्णिमेपर्यंत गर्दी फार. निवांत पाहावयाचें असेल त्यानें ते दिवस टाळून श्रावणाच्या अखेरीस यावें. तेव्हां बालाघाटाचे डोंगर हिरवे असतात. खोलेश्वराची वाट दाखवावयास कोणी हवा असेल तर कळवावें. मी हल्लीं बहुधा मोकळाच असतों.