पडद्यामागची उषा

आमचं कोन गाव पनवेलच्या पुढे, मुंबई-पुणे रस्त्याजवळ. इथल्या आगरी लग्नांत हळदीच्या रात्री आधी धवलारणीची गाणी होतात आणि मग स्पीकर सुरू होतो. माझ्या लहानपणी या स्पीकरवर एक बाईचा आवाज हमखास असायचा. तो कुणाचा, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही. ‘दादा कोंडकेंचं गाणं’ एवढी ओळख पुरे होती. पुढे गाण्यांच्या पुस्तिका आणि जुन्या रेकॉर्डी जमवण्याचा नाद लागला, तेव्हा कळलं की तो आवाज उषा मंगेशकरांचा.

नाव सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, ‘म्हणजे लताबाईंची बहीण!’ गेली काही वर्षं मी त्यांच्या ग्रामीण बाजाच्या गाण्यांची यादी करतो आहे आणि या एका वाक्यावर सारखा अडतो आहे. उषाताईंवर थोरल्या बहिणीची सावली पडली, असं सगळेच लिहितात. ती पडलीच. पण मला दिसतं ते असं, की त्यांच्यावर दुसरीही एक सावली होती आणि ती अधिक दाट होती. ती त्यांनी ज्या प्रकारची गाणी गायली, त्या प्रकाराची.

चार बहिणींत त्या धाकट्या. जन्म १५ डिसेंबर १९३५. मास्टर दीनानाथ १९४२ साली गेले तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. म्हणजे वडिलांची तालीम त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. त्या पार्श्वगायनात आल्या तोवर लताबाई शिखरावर होत्या. १९५४ च्या ‘सुबह का तारा’मध्ये सी. रामचंद्र यांनी त्यांना गायला लावलं. पुढच्याच वर्षी ‘आझाद’मधलं ‘अपलम चपलम’ हे दोघी बहिणींचं गाणं गाजलं. ते ऐकताना आपण कुणाचा आवाज ओळखायचा प्रयत्न करतो, हे वाचकांनी स्वतःलाच विचारून पाहावं.

हिंदीत जागा थोडी होती. मराठीतही भावगीत, अभंग, नाट्यगीत ही घरं थोरल्या दोघींनी भरून टाकलेली. उरलं होतं ते शेत, बांध, तमाशाचा फड, चावट सवाल-जवाब. तिथेही मोकळं रान नव्हतं. आशाबाई लावणी झकास गात होत्या आणि सुलोचना चव्हाणांना तर आचार्य अत्र्यांनी ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं होतं.

तरीही १९७१ ते १९७७ ही सहा-सात वर्षं मला उषाताईंची वाटतात. १९७१ ला ‘सोंगाड्या’, १९७२ ला ‘एकटा जीव सदाशिव’, १९७३ ला ‘आंधळा मारतो डोळा’, १९७५ ला ‘पांडू हवालदार’, १९७६ ला ‘तुमचं आमचं जमलं’, १९७७ ला ‘राम राम गंगाराम’. दादा कोंडक्यांचा एक संच ठरून गेला होता. नायिका उषा चव्हाण, आवाज महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर, ‘पांडू हवालदार’पासून संगीत राम-लक्ष्मण. पडद्यावरही उषा आणि पडद्यामागेही उषा! दादांचे नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले. मराठी पार्श्वगायिकेचा आवाज थेटरात सलग इतके आठवडे वाजत राहिल्याची उदाहरणं फार नसावीत.

याच काळात, १९७२ साली, व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. गीतं जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदमांचं. त्यातली वाटणी पाहण्यासारखी आहे. देवाला आळवणारी गवळण लताबाईंकडे, आणि मास्तरला फडाकडे ओढून नेणाऱ्या लावण्या उषाताईंकडे. गाण्याच्या जातीप्रमाणे आवाज निवडला, एवढंच कदाचित असेल. पण संध्याबाईंनी उभी केलेली चंद्रकला आठवली की कानात जो आवाज येतो तो उषाताईंचा असतो. तिथे ‘लताबाई असत्या तर’ हा प्रश्नच मनात येत नाही. त्यांचा आवाज थोडा नाकातून, थोडा धारदार. शब्दाच्या शेवटी त्या एक हलका झटका देतात. लताबाईंच्या गाण्यात जो दोष ठरला असता, तोच इथे गुण ठरला.

आता एक अडचण. तमाशातल्या जाणत्या मंडळींशी बोललं की ती म्हणतात, ही कसली गावरान गायिका? पेडर रोडच्या प्रभुकुंजात राहणारी! आक्षेप अगदीच फोल नाही. विठाबाई नारायणगावकरांचा जन्मही १९३५ चाच. एकीने कनातीत, ढोलकीच्या कडकडाटावर, समोरच्या गर्दीला तोंड देत लावणी म्हटली, दुसरीने स्टुडिओत मायक्रोफोनपुढे. खेडोपाडी रेकॉर्ड पोचली ती दुसरीची. सुलोचनाबाईही मुंबईच्याच आणि डोक्यावर पदर घेऊन गाणाऱ्या. म्हणजे फडावरची लावणी घराघरांत शिरली ती अशा ‘घरंदाज’ गळ्यांतून. विठाबाईंच्या पदरात याचं काय पडलं, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. मी उषाताईंची बाजू घेतो आहे, पण त्या हिशेबातून त्यांना वगळत नाही.

मात्र शहरी टीकाकारांनी त्यांना मोजलं नाही त्याचं कारण हे नव्हतं. कोंडकेपट म्हणजे अश्लील, द्व्यर्थी. मग त्यातली गाणीही त्याच पोत्यात. ‘जय संतोषी माँ’चंही तसंच झालं. १९७५ साली, ‘शोले’च्या वर्षी, बाया थेटरात चपला काढून बसत, आरतीचं ताट घेऊन येत. त्या आरतीचा आवाजही उषाताईंचाच. दोन वर्षांनी ‘इन्कार’मधलं हेलनचं ‘मुंगळा’ गाजलं, तेही त्यांचं. फिल्मफेअरची नामांकनं झाली, बाहुली घरी आली नाही. आरती आणि ‘मुंगळा’ एकाच गळ्यातून दोन वर्षांच्या अंतराने यावीत, ही काही साधी गोष्ट नाही. पण एक ‘बायाबापड्यांचं’ आणि दुसरं ‘पिटातलं’. समीक्षकाची खुर्ची बाल्कनीत असते.

राम-लक्ष्मण या जोडीतले लक्ष्मण, म्हणजे विजय पाटील, पुढे ‘मैंने प्यार किया’पर्यंत पोचले. १९८९ सालच्या त्या चित्रपटात नायिकेसाठी गायल्या त्या लताबाई. मला यात कुणाचा कट दिसत नाही. बाजाराची पायरी बदलली की आवाज बदलतो, इतकंच.

उषाताई चित्रंही काढतात. दूरदर्शनसाठी त्यांनी बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या कथेवरून ‘फुलवंती’ ही संगीतिका निर्माण केली होती. तो वेगळ्या लेखाचा विषय.

आमच्या कोनमध्ये आता गिरणी कामगारांच्या घरांच्या उंच इमारती आहेत. २०१६ साली त्यांची सोडत निघाली. कोंडक्यांचा खरा प्रेक्षक हाच, लालबाग-परळचा. दादा स्वतः तिथलेच. मागच्या वर्षी तिथल्या एका निवृत्त बदली कामगाराला मी माझी यादी दाखवली. त्याने ‘तुमचं आमचं जमलं’पाशी बोट ठेवलं आणि रात्रपाळी बुडवून ब्लॅकने तिकीट काढल्याची गोष्ट सांगितली. गायिकेचं नाव त्यालाही मी सांगितल्यावरच कळलं. ‘लताबाईंची बहीण ना?’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘पण हे गाणं लताबाईंचं नाही हां. हे आमचं.’

२०२१ साली राज्य शासनाने उषाताईंना पुरस्कार जाहीर केला, तेव्हा त्या पंच्याऐंशी वर्षांच्या होत्या. पुरस्काराचं नाव, गानसम्राज्ञी लता मंगेशकर पुरस्कार.