रुमाल आणि खतावणी

लक्ष्मीपूजनाला पेढीवर वहीची पूजा होते, सुट्या कागदांच्या गठ्ठ्याची होत नाही. या रिवाजामागे हिशेबाची एक जाण आहे. संगणकाच्या काळात ती विसरली गेली आणि पुन्हा शिकावी लागली, असे मला वाटते.

मोडी दफ्तरांत कागद ठेवण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. एक रुमालाची: पत्रे, याद्या, सनदा कापडात एकत्र बांधायच्या. दुसरी कीर्द-खतावणीची: व्यवहार दिवसाच्या क्रमाने कीर्दीत लिहायचा आणि मग ज्याच्या त्याच्या खात्यात चढवायचा. रुमाल सोडला की अख्खे प्रकरण हाती येते. पण अमक्याकडे आज किती येणे आहे, हे खतावणीच सांगते.

डॉक्युमेंट डेटाबेस हा संगणकातला रुमाल. २००९ साली आलेला मोंगोडीबी हे त्यातले प्रसिद्ध नाव. एका प्रकरणाची सारी माहिती एका दस्तऐवजात राहते, रकाने आधी ठरवावे लागत नाहीत. काम झटपट उभे राहते, म्हणून पैशाचे हिशेबही त्यात ठेवण्याचा मोह होतो.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीने कोल्हापूरच्या गूळव्यापाराला पेठ दिली. त्याच गुळाचा सौदा उदाहरणाला घेऊ. शेतकरी रवे आणतो, सौदा निघतो, अडत्या पट्टी करतो: वजन, दर, हमाली, तोलाई. पट्टी हा एक दस्तऐवज झाला. पण तिच्यातली रक्कम शेतकऱ्याच्या खाती जमा आणि खरेदीदाराच्या नावे पडायला हवी. पहिली नोंद झाली आणि दुसरीपूर्वी वीज गेली, तर देणे उरते आणि येणे हरवते. खरेदीदाराचे नाव प्रत्येक पट्टीत नकलून ठेवले असेल, तर दुकानाचे नाव बदलताच एकाच माणसाची दोन खाती दिसू लागतात.

अनेक दस्तऐवजांत एकतर सगळ्या नोंदी होतील, नाहीतर एकही होणार नाही, ही हमी मोंगोडीबीत २०१८ साली, चौथ्या आवृत्तीत आली. तोवर हा मेळ घालण्याचा भार प्रोग्राम लिहिणाऱ्यावर होता.

वाद त्याहून जुना आहे. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी आयबीएमने १९६०च्या दशकात झाडाच्या फांद्यांसारखी रचना केली. यादीला ती साजली. पण माहिती एका फांदीला टांगली की दुसऱ्या बाजूने विचारलेला प्रश्न अडतो. त्याच कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये त्यावर तक्त्यांची रचना मांडली: प्रत्येक गोष्ट एकदाच नोंदवावी आणि खुणेच्या क्रमांकाने इतर तक्त्यांशी जोडावी. आपल्या कारकुनांना कॉड ठाऊक नव्हते, पण अडचण ठाऊक होती.

रुमाल टाकाऊ नाही. करार, अर्ज, नाना नमुन्यांचे कागद त्यात नीट राहतात. मात्र एकाचे देणे हे दुसऱ्याचे येणे असते, तिथे खतावणीच हवी. संध्याकाळी मेळ बसला नाही, तर हेलपाटे गूळ घेऊन आलेल्या शेतकऱ्यालाच पडतात.