'डेबियन'ची नवी आवृत्ती यायला दोन-दोन वर्षं का लागतात?

तुमच्या फोनवर दर थोड्या दिवसांनी 'अपडेट उपलब्ध आहे' असा मेसेज येत असेल. जगभरातल्या असंख्य सर्व्हरवर चालणाऱ्या डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचं तसं नाही. तिची 'बुकवर्म' ही आवृत्ती जून २०२३ मध्ये आली आणि त्यानंतरची 'ट्रिक्सी' थेट ऑगस्ट २०२५ मध्ये.

१९९३ मध्ये इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने सुरू केलेलं डेबियन कुठल्याच कंपनीचं नाही. ते स्वयंसेवक बनवतात. 'शुक्रवारपर्यंत काम संपव' असं त्यांना सांगणारा साहेब नसतो. पैसे देऊन वेग वाढवायचा प्रयत्नही झाला होता. २००६ मध्ये 'डंक-टँक' या उपक्रमातून आवृत्तीची जबाबदारी असलेल्यांना मानधन द्यायचं ठरलं. त्यावरून इतर स्वयंसेवक नाराज झाले आणि डिसेंबर २००६ ला ठरलेली आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये आली!

पण उशिराचं खरं कारण तपासणी. नवं सॉफ्टवेअर आधी 'सिड' या अस्थिर शाखेत येतं. (डेबियनमधली नावं 'टॉय स्टोरी'तली आहेत. सिड म्हणजे खेळणी मोडणारा पोरगा.) काही दिवस गंभीर बिघाड दिसला नाही, तर ते 'टेस्टिंग'मध्ये जातं. मग 'फ्रीझ' लागतो. नवं काही घेणं टप्प्याटप्प्याने बंद होतं आणि पुढचे काही महिने फक्त चुका दुरुस्त होतात.

याचा उपयोग मार्च २०२४ मध्ये दिसला. 'एक्सझेड' या फाइल लहान करणाऱ्या टूलमध्ये कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. तोही दोनेक वर्षं विश्वास कमावून. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला सिडवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने शोध घेतला आणि प्रकार उघड झाला. तोवर हे व्हर्जन सिड आणि टेस्टिंगमध्ये पोहोचलं होतं, स्थिर आवृत्तीत नाही. चोरी तपासणीत पकडली गेली असं नाही, पण ती पकडायला वेळ मिळाला.

मग दोन वर्षं जुन्याच त्रुटी घेऊन बसायचं का? नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या व्हर्जनमध्येच बसवून दिल्या जातात. एका आवृत्तीला तीन वर्षं नियमित आणि त्यापुढे दोन वर्षं वाढीव आधार मिळतो.

अडचण होते ती नव्याकोऱ्या लॅपटॉपवर. स्थिर आवृत्तीतल्या जुन्या कर्नेलला त्यातलं वाय-फाय कदाचित ओळखताच येणार नाही. तेव्हा 'बॅकपोर्ट्स'मधून नवं कर्नेल घेता येतं.