जीआरईचे अवघड शब्द आणि जालन्याच्या तीन पिढ्या

जालन्याकडची ज्युनियर मुलं मला हमखास एक प्रश्न विचारतात: "दादा, जीआरईच्या व्होकॅबचं काय करायचं?" शाळा मराठी माध्यमाची, गणिताचा भाग सहज जमतो, पण इंग्रजी शब्दांची यादी समोर आली की हातपाय गळतात. मग मुलं ठरवून टाकतात की आपली बुद्धीच कमी पडते. हे साफ चूक आहे. का चूक आहे, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. म्हणून आज माझ्या प्रयोगशाळेतलं काही नाही, आज इतिहास.

१६०४ साली रॉबर्ट कॉड्रे नावाच्या इंग्रज गृहस्थाने 'अ टेबल अल्फाबेटिकल' हे पुस्तक काढलं. इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतूनच देणारा हा पहिला कोश मानतात. त्यात साधारण २५०० शब्द होते आणि निवडलेले सगळे 'अवघड'. घर, पाणी, भाकरी असले रोजचे शब्द त्यात घेतलेच नाहीत. घेतले ते मुख्यतः लॅटिन, ग्रीक, फ्रेंचमधून आलेले. पुस्तक कोणासाठी? ज्यांना लॅटिन शिकायला मिळत नव्हतं त्यांच्यासाठी, विशेषतः बायकांसाठी. म्हणजे इंग्रजीचा वरचा मजला खुद्द इंग्लंडातल्या सामान्य माणसालाही परकाच होता. त्याची किल्ली होती शाळेत, जन्मजात हुशारीत नव्हे.

आता जालन्यात येऊ. १९४८ पर्यंत आपला भाग हैदराबाद संस्थानात. तिथे १८८०च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं, त्याचं माध्यम उर्दू आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. विज्ञान, वैद्यक, कायदा उर्दूतून शिकवायचा तर पुस्तकं हवीत. त्यासाठी दारुल-तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, काढला. तिथे अरबी-फारसीचा आधार घेऊन शास्त्रीय परिभाषा घडवली गेली. घरी मराठी बोलणारा जालन्याचा मुलगा वरच्या वर्गात गेला की उर्दूतून शिकायचा. पुढची पिढी शाळेत मराठीतून शिकली. आमची पिढी अकरावी सायन्सला एका उन्हाळ्यात इंग्रजीवर आली. तीन पिढ्या, तीन माध्यमं, आणि प्रत्येक वेळी परिभाषा पहिल्यापासून पाठ!

पण गंमत बघा. मराठीत 'प्रकाशसंश्लेषण'. उर्दूत 'जियाई तालीफ': जिया म्हणजे प्रकाश, तालीफ म्हणजे जुळवणं. इंग्रजीत 'फोटोसिंथेसिस': फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे एकत्र जोडणं. तिन्ही शब्दांची बांधणी एकच. फरक एवढाच, की मराठीने माल संस्कृतातून आणला, उर्दूने अरबीतून आणि इंग्रजीने ग्रीकमधून. कल्पना एकदा कळली असेल तर नवीन शब्द ही फक्त नवीन पाटी असते.

जीआरईच्या याद्यांचंही तेच. 'लोक्वेशस' घ्या. लॅटिनमध्ये 'लोकी' म्हणजे बोलणं. त्यातूनच एलोक्वंट, कलोक्वियल, सॉलिलोक्वी आले. आपल्याकडे 'वच्' धातूवरून वाचा, वक्ता, प्रवचन, वाचाळ. आणि लोक्वेशसचा अर्थ काय? वाचाळ! आणखी एक. लॅटिनमधला 'व्हॉक्स' (आवाज) आणि संस्कृत 'वाच्' हे एकाच प्राचीन मुळाचे फाटे आहेत. 'व्होकॅब्युलरी' हा शब्द व्हॉक्सच्याच कुळातला. ज्या शब्दाला आपण घाबरतो तो आपल्या वाचेचा चुलतभाऊ निघाला.

परीक्षेनेही हे थोडं उशिरा का होईना ओळखलं. ऑगस्ट २०११ पूर्वी जीआरईत विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न असत: एक सुटा शब्द, पाच पर्याय, संदर्भ शून्य. तो शब्द आधी कुठे भेटला असेल तर मार्क, नाहीतर नाही. ज्यांच्या घरात इंग्रजी पुस्तकांचं कपाट, त्यांना तो भेटायची शक्यता उघडच जास्त. २०११ मध्ये ते प्रश्न काढले आणि वाक्यातल्या गाळलेल्या जागा वाढल्या. आता वाक्याचा कल ओळखावा लागतो: 'तरीही' आलं की अर्थ उलटा फिरणार, 'म्हणून' आलं की पुढे सरकणार. हे काम मराठी वाचणारा माणूस रोज करतोच.

तेव्हा ३५०० शब्दांची यादी ए पासून घोकत बसू नका. धातू धरा, एका धातूचं अख्खं कुटुंब एकत्र लिहा, शेजारी मराठी नातेवाईक लिहा, आणि प्रत्येक शब्द एका वाक्यात भेटू द्या. मेहनत आहेच, ती टळत नाही. पण ती मेहनत आपल्या वाट्याला जास्त का येते याचं उत्तर डोक्यात शोधू नका. ते माध्यमांच्या इतिहासात आहे.