मुंबईच्या गोदीतील 'ट्रिंकोमाली'

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे तीन डोलकाठ्यांचे एक जुने लढाऊ जहाज आजही पाण्यावर तरंगत उभे आहे. 'ट्रिंकोमाली' हे त्याचे नाव. आता ते संग्रहालय आहे. प्रेक्षक तोफांच्या रांगांमधून फिरतात, खलाशी राहत त्या बुटक्या मजल्यावर मान लववून चालतात. त्यांच्या भोवतीचे पुष्कळसे मूळ लाकूड मलबारी सागाचे आहे आणि हे जहाज बांधले गेले मुंबईच्या गोदीत.

नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या काळात इंग्लंडला जहाजांसाठी ओकचे लाकूड अपुरे पडू लागले होते. साग ओकपेक्षा अधिक टिकाऊ. शिवाय त्यातील तेलामुळे लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत. १८१२ मध्ये या जहाजाचे नकाशे 'जावा' या जहाजातून मुंबईस निघाले. परंतु अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'जावा'चा पराभव केला आणि नकाशे गेले. ते पुन्हा पाठवावे लागले. अखेर १८१६ मध्ये जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी काम आरंभिले. पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले.

मराठी वाचकाने हा दिनांक लक्षात ठेवावा. पुढील महिन्यातच खडकी आणि सीताबर्डी येथे मराठी सत्तेचा पराभव झाला. नागपूरकर भोसल्यांच्या छत्तीसगडचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला आणि १८१८ मध्ये मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. मराठ्यांचे आरमार तर त्याआधीच खिळखिळे झाले होते. १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या पाण्यात तुळाजी आंग्र्यांची जहाजे जळाली. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, ही गोष्ट आजही बोचते. त्या ताफ्यातील एकही जहाज आज पाहावयास मिळत नाही.

'ट्रिंकोमाली' मात्र टिकले, ते केवळ सागाच्या बळावर नव्हे. १८९७ मध्ये ते मोडीत निघाले होते. व्हीटली कॉब या गृहस्थाने ते विकत घेतले आणि त्यावर तरुणांना नौकानयनाचे शिक्षण देण्याची सोय केली. अनेक दशके ते तरंगती शाळाच होते. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आणले गेले. तेथील कारागिरांनी २००१ पर्यंत खपून त्याला मूळ रूप दिले. मोडीत निघालेल्या वस्तूचे मोल कोणीतरी वेळीच ओळखले, म्हणून ती उरली.

रायपूरकरांना हा विचार अपरिचित नाही. महंत घासीदास यांच्या नावाचे संग्रहालय या शहरात १८७५ पासून आहे. तरीही मराठी घराघरांतील मोडी कागद, जुनी दप्तरे, पत्रे आणि छायाचित्रे माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडतात. हीरक महोत्सवानिमित्त शाळेत परतणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपापल्या घरचा माळा एकदा उघडून पाहावा. जे हाती लागेल ते पुसून, त्यावर नावगाव आणि साल लिहून, मुलांच्या स्वाधीन करावे.