धर्मांतरित ख्रिस्ती कुटुंबांतील विवाह व अपत्यें : संमतीच्या प्रश्नाचा इतिहास

महाराष्ट्र व गोमंतक या प्रांतांतील ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराविषयीं आजवर जें लेखन झालें, त्यांत राज्यकर्त्यांचीं फर्मानें, देवळांचा विध्वंस, मिशनांच्या शाळा व छापखाने, शास्त्री-पाद्र्यांचे वाद, या विषयांचा ऊहापोह पुष्कळ झालेला आहे. परंतु घरांतील कर्ता पुरुष ख्रिस्ती झाला म्हणजे त्याच्या लग्नाच्या बायकोची वाट काय होई, व पोटच्या मुलांवर अधिकार कोणाचा राही, हा प्रश्न जितका जिव्हाळ्याचा तितकाच उपेक्षित राहिला आहे. वास्तविक धर्मांतराची खरी किंमत याच ठिकाणीं मोजावी लागे; वतन किंवा वृत्ति गेली तरी माणूस निभावून नेई, पण बायको माहेरीं व मूल आजोळीं राहिलें म्हणजे घर मोडत असे. या प्रश्नाचीं मुख्य साधनें, म्हणजे चर्चचे नियम, सरकारी कायदे, न्यायालयांचे निवाडे व कांहीं कुटुंबांचीं चरित्रें, एकत्र ठेवून पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ख्रिस्ती विवाहशास्त्राचा पाया जी संमति, ती धर्मांतरिताच्या बायकोस विचारण्याची तजवीज सरकारी कायद्यांत उशिरां झाली, आणि मुलास विचारण्याची त्याहूनही उशिरां.

१. शास्त्रार्थ

प्रथम ख्रिस्ती शास्त्राचा आशय ध्यानांत घेतला पाहिजे. विवाह एक पुरुष व एक स्त्री यांचाच असावा व तो आमरण टिकावा, हें तत्त्व सर्व ख्रिस्ती पंथांस सामान्य आहे. परंतु विवाह सिद्ध होतो कशानें, या प्रश्नाचें उत्तर पश्चिमेकडील चर्चनें बाराव्या शतकांत निश्चित केलें. तें असें कीं, वधूवरांच्या परस्पर संमतीनें. बापानें दिलेलें दान, हुंडा, मेजवानी, हे सर्व उपचार होत. संमति नसेल तर लग्नच नाहीं. पुढें ट्रेंट येथील धर्मसभेनें इ. स. १५६३ मध्यें असा नियम केला कीं, ही संमति आपल्या चर्चच्या पाद्र्यासमक्ष व दोन-तीन साक्षीदारांदेखत उच्चारली जावी, आणि पाद्र्यानें वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें वहींत नोंदून ठेवावीं. रोमन पंथ विवाहास संस्कार मानतो. लूथर व कॅल्व्हिन यांनीं त्यास संस्कारांच्या मालिकेंतून वगळिलें, तरी ईश्वरी नेमणूक ही त्याची प्रतिष्ठा त्यांनींही कायम ठेविली.

आपल्याकडील कन्यादानाच्या पद्धतींशीं ताडून पाहतां यांतील भेद उघड दिसतो. कन्यादानांत दाता बाप असतो. आठ-दहा वर्षांच्या कन्येस विचारण्याचा प्रसंगच येत नसे. अशा रीतीनें लागलेल्या लग्नांतील पति पुढें ख्रिस्ती झाला, तर तें लग्न ख्रिस्ती दृष्टीनेंही खरेंच. मग पत्नी त्याच्याकडे येण्यास राजी नसल्यास काय करावें? या शंकेचें मूळ उत्तर करिंथकरांस लिहिलेल्या पॉलच्या पहिल्या पत्रांत आहे. विधर्मी जोडीदार नांदण्यास तयार असेल तर त्यास टाकूं नये, व तोच सोडून जाईल तर ख्रिस्ती झालेला भाऊ किंवा बहीण बद्ध नाहीं, असा त्याचा आशय. पोप तिसरा इनोसंट यानें ११९९ मध्यें यास कायद्याचें रूप दिलें. यांतील मर्म असें कीं, जोडीदार तयार आहे किंवा नाहीं हें ठरविण्यासाठीं त्यास विचारलें पाहिजे. म्हणून चर्चच्या कायद्यांत ही विचारणा विधीचेंच अंग होऊन बसली.

युरोपियनांचीं गलबतें दूरदेशीं जाऊं लागल्यावर नवे पेंच उत्पन्न झाले. अनेक बायका असलेल्या पुरुषास पहिली कोण हें आठवत नसल्यास त्यानें काय करावें, याविषयीं तिसऱ्या पॉलनें १५३७ मध्यें, व आपल्याबरोबर बाप्तिस्मा घेणारी पत्नी ठेवण्याविषयीं पांचव्या पायसनें १५७१ मध्यें सवलती दिल्या. गुलाम करून परमुलखांत नेलेल्यांच्या जोडीदारास विचारणें अशक्यच. सबब तेराव्या ग्रेगरीनें १५८५ मध्यें अशा प्रसंगीं विचारणा माफ करण्याची मुभा दिली. या शेवटल्या आज्ञेंत गुलामांच्या व्यापारानें किती घरें फोडलीं याची कबुलीच आहे, असें आम्हांस वाटतें.

मुलांविषयीं शास्त्र असें कीं, त्यांस धर्म शिकविणें हें आईबापांचें कर्तव्य, व तें त्यांच्याशिवाय इतरांनीं हिरावून घेऊं नये. तेराव्या शतकांतील थोर शास्त्रकार टॉमस अक्वायनस यानें तर यहुदी व इतर विधर्मी यांच्या मुलांस त्यांच्या आईबापांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा देणें हें निसर्गन्यायाच्या विरुद्ध आहे, असा स्पष्ट निर्णय दिला आहे. पुढील इतिहास वाचतांना हा निर्णय डोळ्यांपुढें ठेवणें अवश्य आहे.

२. गोमंतक

पोर्तुगीजांनीं गोवें १५१० मध्यें घेतलें. अक्वायनसाचा निर्णय तेथील पाद्र्यांस अपरिचित नव्हता. तरी त्यास बगल देण्याची वाट 'अनाथ' या शब्दांतून काढण्यांत आली. १५५९ च्या राजाज्ञेनें हिंदूंचीं जीं मुलें आई, बाप व आजा-आजी यांवांचून उरलीं असतील, तीं जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजांत देऊन ख्रिस्ती करावीं असें ठरलें. पालकच नाहींत, तेव्हां त्यांच्या इच्छेचा भंग होत नाहीं, ही त्यांतली युक्ति. पण व्यवहारांत शब्दाचा अर्थ सैल होत गेला, आणि बाप वारला म्हणजे आई जिवंत असतांही मूल अनाथ गणलें जाऊं लागलें. येथें शास्त्राचा केवळ आडोसा उरला. आईस आई म्हणून मोजलेंच गेलें नाहीं. पुष्कळ हिंदु कुटुंबांनीं मुलांस घेऊन सरहद्दीपलीकडे आश्रय घेतला, याचें एक कारण हेंच.

विवाहाच्या बाबतींत १५६७ च्या गोव्यांतील पहिल्या प्रांतिक धर्मसभेपासून ट्रेंटच्या नियमांचा अंमल तेथें बसूं लागला. लग्नविधि बदलला, तथापि लग्नघर बदललें नाहीं. हळद, विडे, ओव्या, नारळाच्या रसाचें अभ्यंग, हें सर्व बाटलेल्या घरांतूनही चालूच राहिलें. आणि शेवटीं १४ एप्रिल १७३६ रोजीं इन्क्विझिशनला जाहीरनामा काढून अशा चालींची लांबलचक यादी मनाई करावी लागली. बाटल्यास पावणेदोनशें वर्षें उलटल्यावर मनाईची गरज पडते, हीच त्या चालींच्या चिवटपणाची साक्ष होय. जी यादी चाली बुडविण्यासाठीं केली, तीच आज त्यांच्या अभ्यासाचें उत्तम साधन झाली आहे. इन्क्विझिशन १८१२ मध्यें बंद झालें. रसाचें अभ्यंग 'रोस' या नांवानें गोव्यांतील ख्रिस्ती लग्नांत आजही होतें.

३. मुंबईचे दोन निवाडे

इंग्रजी अमलांत प्रश्नाचें स्वरूप पालटलें. येथें सरकार मूल हिसकावून घेत नव्हतें. बाप सरकारच्या दारीं मूल परत मागण्यास जात होता. १८३९ मध्यें धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणानें डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनांत बाप्तिस्मा घेतला, तेव्हां पारशी मंडळी सुप्रीम कोर्टांत गेली. तरुण समजूतदार वयाचा आहे असें पाहून कोर्टानें त्यास हवें तेथें राहूं दिलें.

चार वर्षांनीं, १८४३ मध्यें, नारायण शेषाद्रि हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा सुमारें बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरी नेस्बिट यांच्या आश्रयास राहिला होता. बापानें अर्ज केला. न्यायमूर्ति सर अर्स्किन पेरी यांनीं मूल समजूतदार वयाचें नाहीं असें ठरवून, त्याची इच्छा नसतांही, त्यास बापाच्या स्वाधीन केलें. पण प्रकरण येथें संपलें नाहीं. मिशनरींच्या घरीं राहिलेल्या या मुलास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें, असा पक्ष बाळशास्त्री जांभेकर यांनीं उचलला, व सनातनी मंडळींनीं त्यास कडवा विरोध केला. कोर्टानें मूल बापास दिलें खरें. पण समाज बापाच्या घरीं त्यास घेईल कीं नाहीं हा प्रश्न कोर्टाच्या हातचा नव्हता.

या दोन निवाड्यांत विसंगति नाहीं. दोहोंतही कसोटी वयाची. मात्र त्या वयाच्या खालील मुलाचें म्हणणें कितीही स्पष्ट असलें तरी त्यास वजन नव्हतें. १८७१ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें स्किनर यांच्या मुकदम्यांत मुलानें बापाच्या धर्मांत वाढावें हें तत्त्व ग्राह्य धरिलें. त्यांत बाप ख्रिस्ती होता व आई मुसलमान झाली होती. म्हणजे १८४३ मध्यें हिंदु बापास ज्या तत्त्वाचा लाभ झाला, त्याचाच हा दुसरा प्रयोग होय. तत्त्व बापाचें होतें, धर्माचें नव्हतें.

४. सन १८६६ चा कायदा

बायकोच्या बाबतींत अडचण अधिक बिकट होती. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्मांतरिताचा वारसा शाबूत ठेविला, पण संसाराविषयीं कांहीं सोय केली नाहीं. पत्नी येईना, तरी लग्न कायम. ख्रिस्ती झालेल्या पुरुषानें दुसरें केलें तर १८६० च्या दंडसंहितेप्रमाणें गुन्हा. तिकडे पत्नी ना सवाष्ण ना विधवा अशी माहेरीं दिवस कंठी. व्हाइसरॉयच्या कौन्सिलांतील कायदेपंडित सर हेन्री मेन यांनीं पुढें मांडलेला १८६६ चा एकविसावा कायदा या कोंडीवर तोड म्हणून झाला.

त्याची रीत अशी. धर्मांतरामुळें जोडीदारानें सतत सहा महिने सोडून दिलें असेल, तर धर्मांतरितानें सहवासाची मागणी करणारा अर्ज करावा. न्यायाधीशानें दुसऱ्या पक्षास बोलावून, नांदण्यास नकार आहे काय व तो धर्मांतरामुळेंच आहे काय, हें स्वतः विचारावें. नकार मिळाल्यास लगेच निकाल न देतां काम एक वर्ष तहकूब ठेवावें, व त्या मुदतींत उभयतांची भेट घडवून आणण्याचा हुकूम द्यावा. वर्ष संपल्यावर पुन्हा विचारावें. तरीही नकारच असेल तर लग्न मोडल्याचा हुकूम व्हावा. त्यानंतर एकाच्या मृत्यूनें लग्न संपल्यासारखे दोघेही पुनर्विवाहास मोकळे. झालेलीं मुलें मात्र औरसच राहावयाचीं. कायद्याच्या कक्षेंत येणाऱ्या पत्नीस तेरा व पतीस सोळा वर्षें पूर्ण झालेलीं असावीं लागत; हेच आंकडे देशी ख्रिस्त्यांच्या लग्नाची किमान वयोमर्यादा म्हणून १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यांत मुळांत घेतले होते. रोमन पंथीयांकडे मात्र चर्चची जुनी विचारणा वेगळी चालतच होती.

हा कायदा मिशनांच्या सोयीसाठीं झाला, असा आक्षेप घेतां येईल, व तो निराधार नाहीं. पुन्हा ब्राह्मण स्त्रीस मिळालेली पुनर्विवाहाची मोकळीक बहुतांशीं कागदींच होती. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा होऊनही समाजाचें दार बंदच होतें. तथापि एक गोष्ट नाकारतां येत नाहीं. अजाणपणीं जिचें लग्न लागलें, तिला तुझी इच्छा काय असा प्रश्न सरकारी न्यायाधीशानें समोर बसवून दोन वेळां विचारावा, ही तरतूद या देशांत नवी होती. बोहल्यावर न विचारलेला प्रश्न तिला कचेरींत विचारण्यांत आला.

५. दोन घरें

कायदा असला तरी सर्वांनीं त्याची वाट धरली असें नाहीं. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ मध्यें मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मुलगा दत्तू यास घेऊन कांहीं वर्षें वेगळ्या राहिल्या. पुढें त्या नवऱ्याकडे आल्या त्या आपलें सोवळें सांभाळून. आणि स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्यें, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. ही हकीकत 'स्मृतिचित्रें'च्या १९३४ ते १९३७ या काळांत निघालेल्या भागांत त्यांनीं स्वतःच सांगितली आहे. कायद्यानें वर्षभराची मुदत घातली होती. येथें त्याहून पुष्कळ अधिक काळ वाट पाहिली गेली, आणि घर पुन्हा उभें राहिलें.

दुसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं व त्यांची लहान मुलगी मनोरमा हिनें बाप्तिस्मा घेतला. पुढें मनोरमेस धर्माचीं कोणतीं मतें व केव्हां शिकवावीं, यावरून रमाबाईंचा तेथील संन्यासिनींशीं वाद झाला. आपल्या मुलीच्या शिक्षणाचा निर्णय आई या नात्यानें आपण करूं, चर्चच्या अधिकाऱ्यांनीं करूं नये, ही त्यांची भूमिका. हा पत्रव्यवहार १९७७ मध्यें मुंबईस प्रसिद्ध झाला. गोव्यांत हिंदु आईस जो अधिकार नाकारला गेला, तोच एका ख्रिस्ती मराठी आईनें ख्रिस्ती संस्थेपाशीं ठणकावून मागितला, हा योग विचार करण्याजोगा आहे. अक्वायनसाचें वचन उलट्या बाजूनें येथें खरें ठरलें.

६. समारोप

मुलाच्या बोलण्यास कायद्याच्या पुस्तकांत जागा मिळाली ती १८९० च्या पालक व पाल्य यांविषयींच्या आठव्या कायद्यांत. पालक नेमतांना मुलाचें कल्याण, वय, लिंग व धर्म पाहावा, आणि समजून निवड करण्याइतकें तें मोठें असेल तर त्याची पसंतीही विचारांत घेतां येईल, असें त्यांत म्हटलें आहे. श्रीपत शेषाद्रीच्या निवाड्यास तोंवर सत्तेचाळीस वर्षें लोटलीं होतीं. १५५९ मध्यें आई मोजली गेली नाहीं. १८४३ मध्यें मूल मोजलें गेलें नाहीं. १८६६ मध्यें बायकोस विचारलें गेलें. १८९० मध्यें मुलास विचारण्याची वाट खुली झाली. शास्त्र आधीपासून होतें, पण शास्त्रांतील संमति घरांतील दुर्बळांपर्यंत पोंचण्यास सवातीनशें वर्षांहून अधिक काळ लागला, हें या साधनांवरून दिसून येतें.

हा इतिहास पुरा करावयाचा तर वरच्या दर्जाचे कागद पुरे पडणार नाहींत. चर्चमधील लग्नाच्या व बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या, १८६६ च्या कायद्याखालील अर्ज व जबान्या, माहेरीं राहिलेल्या बायकांचीं पत्रें, प्रायश्चित्ताचीं पत्रकें, असें जें कांहीं संग्राहकांच्या हातीं येईल, तें किरकोळ म्हणून टाकूं नये, व एका घराचे कागद विखरूं देऊं नयेत. एका अर्जाच्या पाठीवरील बायकोचा अंगठा हा देखील इतिहासाचा पुरावा आहे. तिला विचारलें गेलें याची ती खूण आहे.